बगळ्याचा तुरा आणि शुश्रूषेची नजर

ज्येष्ठाच्या अखेरीस पावसाच्या दोन-चार दमदार सरी पडून गेल्या की एखाद्या सकाळी आपण गावाबाहेरच्या तळ्याकडे किंवा ओढ्याकडे अवश्य जावे. तेथे काठावर, चिखलाच्याच रंगाचा, मान आखडून बसलेला एक पक्षी वर्षभर असतो. कोणी त्याला ढोकरी म्हणतात, कोणी भुरा बगळा. पुस्तकांत त्याचे नाव वंचक असे आढळते. तो इतका निश्चल बसतो की आपले लक्षही जात नाही, आणि उडाला की एकाएकी पांढरेशुभ्र पंख उघडतो. आपण फसलो असे वाटते, म्हणून हे नाव त्याला शोभतेही.

हाच मळकट पक्षी पावसाळ्याच्या तोंडी पार बदलून जातो. पाठीवर गडद तांबूस-किरमिजी रंगाची लांब, विरळ पिसे येतात. छाती बदामी होते. डोक्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा रुळू लागतो. चोचीच्या मुळाशी निळसर छटा उमटते आणि काही पक्ष्यांचे पाय थोड्या दिवसांसाठी तांबडे होतात. ज्याने तो पौषात पाहिला असेल त्याला हा वेगळाच पक्षी वाटावा.

आरोग्यविषयक पाक्षिकात बगळ्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तीस वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात मी अनेक ज्येष्ठांना चालण्याचा सल्ला दिला आणि त्यांतील बहुतेकांनी तो महिनाभरात सोडून दिला. एका गृहस्थांनी मात्र तो सोडला नाही, आणि त्याचे कारण हा वंचक होता. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते घरी आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तळ्यावरचे ते काका

हे काका बहात्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काकूंना पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली होती. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यातच हृदयाची कार्यक्षमता कमी झालेली. मुलगी परगावी, मुलगा परदेशी. सकाळच्या औषधांपासून रात्री कूस बदलण्यापर्यंत सर्व काही काकाच करीत. एका मे महिन्यात ते स्वतःला दाखवायला आले तेव्हा त्यांचा रक्तदाब १७०/१०० होता, झोप तुटक होती आणि वजन चार किलोंनी उतरले होते.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "काका, रोज पाऊण तास मोकळ्या हवेत चाला."

"डॉक्टर, तिला टाकून मी कुठे जाऊ? आणि कशासाठी? नुसते रस्त्यावरून येरझारा घालायला?"

त्यांच्या बोलण्यात दोन अडचणी होत्या. पहिली सोयीची होती. सकाळी साडेसहा ते आठ या वेळात कामाच्या बाई काकूंजवळ बसतील, अशी व्यवस्था शेजाऱ्यांच्या मदतीने झाली. दुसरी अडचण अधिक खरी होती. वर्षानुवर्षे ज्याचा प्रत्येक तास दुसऱ्या कोणासाठी गेला आहे, त्याला स्वतःच्या रक्तदाबासाठी चालणे निरर्थक वाटते. त्याच सुमारास मुलीने आपला जुना झूम कॅमेरा घरी ठेवला होता. तो गळ्यात अडकवून काका गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊ लागले.

महिन्याने ते पुन्हा आले. रक्तदाब औषधाने आणि चालण्याने खाली आला होता. त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला सतरा छायाचित्रे दाखवली. सर्व एकाच वंचकाची, एकाच दगडावरची, वेगवेगळ्या दिवशी काढलेली. सोबत एक वही होती. तारीख, वेळ, आकाश कसे होते, आणि एक ओळ: "आज पाठीवर तांबडी झाक." "आज तुऱ्यात दोन लांब पिसे स्पष्ट." "आज पाय पिवळे नाहीत, लालसर." शिक्षकी पेशातली नोंदीची सवय होती ती. मला त्या वहीचे महत्त्व तेव्हा पुरते कळले नव्हते.

रंग का येतो?

पाणथळीत उभे राहून भक्ष्य टिपणाऱ्या अनेक पक्ष्यांचा विणीचा हंगाम आपल्याकडे पावसाळ्याशी जोडलेला आहे. पाऊस पडला की बेडूक, मासे, कीटक यांची रेलचेल होते आणि पिल्लांना भरवण्याची सोय होते. ऋतूच्या चाहुलीने पक्ष्यांच्या शरीरात संप्रेरके वाढतात; त्यांच्या प्रभावाने चोच, डोळ्यांपुढची उघडी त्वचा आणि पाय यांचे रंग उजळतात. विणीच्या पिसांची वाढही याच काळात पूर्ण होते.

प्रत्येक जातीची तऱ्हा निराळी आहे. गायबगळा एरवी पांढरा असतो. या दिवसांत त्याचे डोके, मान आणि पाठ केशरी-सोनेरी होते. लहान बगळ्याच्या डोक्यामागून दोन लांब, अरुंद पिसे लोंबू लागतात आणि पाठीवर जाळीसारखा नाजूक पिसारा येतो. मध्यम आणि मोठ्या बगळ्यांच्या डोक्यावर असा तुरा नसतो. त्यांची पिवळी चोच मात्र काळी होते. चमचा या पक्ष्याच्या डोक्यामागे झुपकेदार तुरा येतो आणि छातीवर पिवळसर पट्टा दिसतो. कमळे आणि शिंगाड्याचे वेल असलेल्या तळ्यात कमळपक्षी असेल, तर त्याची मानेमागची सोनेरी झळाळी आणि लांब, बाकदार काळे शेपूट केवळ याच दिवसांत पाहायला मिळते. हिवाळ्यात तोच पक्षी आखूड शेपटीचा आणि फिकट असतो.

यातील पिसारा काही आठवडे टिकतो. चोचीचा, डोळ्यांपुढच्या त्वचेचा आणि पायांचा उजळ रंग मात्र जोडी जमेपर्यंतच पुरता खुलतो आणि थोड्याच दिवसांत ओसरू लागतो. म्हणून हे छायाचित्र एखाद्या रविवारी गाडी काढून जाणाऱ्यापेक्षा रोज तळ्यावर पायी जाणाऱ्याला अधिक साधते. निवृत्त माणसाचे या छंदातील भांडवल हेच आहे. त्याच्यापाशी महागडी लेन्स नसेल, पण रोजची सकाळ असते.

कॅमेरा कोणता आणि कसा धरावा

नव्याने सुरुवात करणाऱ्या ज्येष्ठांनी मोठ्या, जड लेन्सच्या मोहात पडू नये. दोन-तीन किलोंचे ओझे गळ्यात लटकवल्याने मानेचे आणि खांद्याचे दुखणे बळावते. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचा त्रास आधीच अधिक असतो. एकाच अंगचा, लांब झूम असलेला हलका कॅमेरा या कामाला पुरेसा आहे. पट्टा मानेवर न ठेवता तिरपा, खांद्यावरून घ्यावा.

हात थरथरत असतील तर संकोच बाळगू नये. एकपायी स्टँड घ्यावा; चालताना काठी म्हणूनही त्याचा आधार वाटतो, मात्र ज्यांना खरोखर काठी लागते त्यांनी त्यावर पूर्ण भार टाकू नये. जाड कापडाच्या पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती कठड्यावर ठेवली आणि तिच्यावर कॅमेरा टेकवला, तर तो स्थिर राहतो. कोपरे छातीशी टेकवावीत आणि श्वास सोडता सोडता बटण दाबावे. श्वास फार वेळ कोंडून धरू नये. हाताचा कंप नव्याने सुरू झाला असेल, किंवा एकाच हाताला असेल, तर मात्र तो डॉक्टरांना दाखवावा.

पांढऱ्या पक्ष्याचे छायाचित्र काढताना नवशिक्यांची एक चूक हमखास होते. मागे गर्द झाडी किंवा काळपट पाणी असले की कॅमेरा चित्र उजळ करतो, आणि बगळ्याच्या अंगावरची जाळी पांढऱ्या डागात विरून जाते. यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन थोडे उणे करावे, उणे अर्ध्यापासून उणे एकपर्यंत. पिसांचा धागान् धागा दिसू लागतो. ढगाळ सकाळचा मऊ प्रकाश या कामाला उत्तम. पावसाळा त्या दृष्टीने सोयीचाच आहे. उभ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाइतका, आणि उडत्या पक्ष्यासाठी हजाराव्या भागाइतका ठेवावा.

कॅमेऱ्याच्या नेत्रिकेजवळ एक छोटी चकती असते. आपल्या चष्म्याच्या नंबरानुसार ती फिरवून घ्यावी. ती नीट लावूनही चित्र धूसर दिसत असेल, प्रकाशाभोवती वलये दिसत असतील किंवा ढगांचा उजेडही डोळ्यांना खुपत असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नसून मोतीबिंदूचा असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे जावे. शस्त्रक्रिया झाली असल्यास त्यांची परवानगी मिळेपर्यंत धूळ आणि तळ्याचे पाणी यांपासून डोळे जपावेत. लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहू नये.

तळ्यावर जाताना शरीराची काळजी

पावसाळी तळ्याचा काठ ही साठी ओलांडलेल्या माणसासाठी सर्वांत धोक्याची जागा ठरू शकते. मांडीचे हाड मोडून आलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. पाय घसरण्याचे निमित्त एका क्षणाचे असते आणि अंथरूण महिन्यांचे. तळव्याला खोल खाचा असलेले, टाच बंद असलेले बूट घालावेत. चालताना कॅमेऱ्यातून पाहू नये आणि कॅमेऱ्यातून पाहताना चालू नये. शेवाळ धरलेला दगड, बांधाची कड आणि ओली काळी माती या तिन्हींपासून चार पावले दूरच थांबावे.

पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, त्वचेवरील लहानशा जखमेवाटेही, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि आपण तळ्यावर जातो हे त्यांना आवर्जून सांगावे. मधुमेहींनी अनवाणी चिखल तुडवू नये. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरशाच्या साहाय्याने तळवे पाहावेत. बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही.

बराच वेळ उकिडवे बसून एकदम उठले तर रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. घडीचे हलके स्टूल न्यावे. उठण्यापूर्वी पाय दोन-चार वेळा हलवावेत, उभे राहिल्यावर क्षणभर थांबावे आणि मग पाऊल टाकावे. उंच झाडावरच्या घरट्यांकडे मान मागे टाकून पाहिल्यानेही काहींना चक्कर येते. अशा वेळी झाडापासून अधिक लांब उभे राहावे. मान सरळ राहते, आणि पक्ष्यांनाही आपला उपद्रव होत नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी पोटी जाऊ नये. खिशात साखर असावी. लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर सकाळी बाहेर पडण्याच्या अडचणीमुळे ती परस्पर टाळू नये. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. पाणी सोबत न्यावे. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे वापरावेत, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. विजा चमकू लागल्या की झाडाखाली किंवा उघड्या माळावर न थांबता पक्क्या छपराखाली जावे. चालताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा भरून आला, किंवा नेहमीच्या चढाला नव्याने दम लागू लागला, तर छायाचित्र राहू द्यावे आणि लगेच मदत मागावी. फोन सोबत असावा आणि आपण कोठे जातो हे घरी ठाऊक असावे.

घरट्यांपासून दूर

बगळे, वंचक, रातबगळे, पाणकावळे एकाच झाडावर शेकड्यांनी घरटी करतात. अशा जागेला मराठीत सारंगागार असा सुंदर शब्द आहे. पाण्यातल्या बाभळी, गावातल्या चिंचा, रस्त्याकडेचे वड-पिंपळ या त्यांच्या आवडीच्या जागा. बगळ्यांचे संसार पाहण्यासारखे असतात. नर काटक्या आणतो, मादी त्या रचते. एक पक्षी अंड्यांवरून उठून दुसरा बसतो तेव्हा दोघे तुरा आणि पाठीची पिसे फुलवून एकमेकांना अभिवादन करतात. पिसारा पुरता फुललेला टिपायचा असेल तर हाच क्षण. लांबून, झूम लावून, धीराने वाट पाहावी. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही.

जवळ जाऊ नये, टाळ्या वाजवून पक्षी उडवू नयेत, फांदी वाकवू नये. घाबरून पक्षी उठला की अंडी उघडी पडतात. कावळे टपलेलेच असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार या पक्ष्यांना, त्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना संरक्षण आहे. शिवाय आपल्यासाठीही ते हिताचे आहे. सारंगागाराखाली साचलेल्या वाळक्या विष्ठेच्या धुळीतून बुरशीजन्य संसर्ग होऊ शकतो. दमा असलेल्यांनी, तसेच स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी झाडाखाली उभे राहू नये. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये.

या पिसाऱ्याने एकेकाळी बगळ्यांचा जीव घेतला, हेही येथे सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर ही पिसे मिरवण्याची चाल आली आणि ती वजनाने सोन्यापेक्षाही महाग विकली जाऊ लागली. पिसारा विणीतच येतो. म्हणून शिकारही विणीतच होई, आणि घरट्यातली पिल्ले उपासमारीने मरत. हे थांबवण्यासाठी इंग्लंडमध्ये १८८९ साली आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे १८९६ साली स्त्रियांनीच पुढाकार घेऊन संस्था उभारल्या. १९०२ साली हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. आज आपल्या तळ्यावरचा बगळा निर्धास्तपणे तुरा फुलवतो. तो कॅमेऱ्यात घ्यावा आणि तेथेच ठेवून यावे.

तीच नजर घरात

आता काकांच्या वहीकडे वळतो.

त्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते एका सकाळी वेळ न घेताच दवाखान्यात आले. बसले आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी पक्ष्यांच्या नोंदी शोधू लागलो, तर ते म्हणाले, "मागून उघडा."

वहीच्या मागच्या बाजूला काकूंच्या नोंदी होत्या. पक्ष्यांच्या नोंदींसारख्याच, रोज एक ओळ. "सोमवार. पायमोज्याचा वळ घोट्यावर, पुसट." "मंगळवार. वळ खोल, दुपारपर्यंत टिकला." "बुधवार. रात्री दोनदा खोकला. दुसरी उशी दिल्यावर झोप." "गुरुवार. हाताने खूण करून तिसरी उशी मागितली. ताट अर्धे ठेवले."

"डॉक्टर, एकेका दिवसाचे पाहिले तर यात विशेष काही नाही," ते म्हणाले. "पण सोमवार आणि गुरुवार शेजारी ठेवले की पक्षी बदललेला दिसतो."

मी त्यांच्यासोबतच घरी गेलो. काकूंच्या फुफ्फुसांच्या तळाशी पाणी साचू लागल्याचे आवाज ऐकू येत होते. हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून औषधाची मात्रा वाढवली, रक्ताच्या तपासण्या केल्या, मिठावर आणि पाण्यावर बंधन घातले. चार दिवसांत पाय उतरले आणि त्या पुन्हा एका उशीवर झोपू लागल्या. आदल्या वर्षी अगदी हीच अवस्था रात्री दोन वाजता श्वास लागल्यावर लक्षात आली होती, आणि काकूंना नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले होते.

एका रुग्णावरून नियम काढू नये, हे मी जाणतो. काकांनी कॅमेरा हाती घेतला नसता तर त्यांना सूज दिसलीच नसती, असेही मी म्हणणार नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांची एक अडचण मी नित्य पाहतो. रोज तोच चेहरा, तेच अंथरूण, तीच औषधे यांमुळे नजर बधिर होते. हळूहळू होणारा बदल घरच्यांना दिसत नाही; चार महिन्यांनी आलेल्या पाहुण्याला तो दारातच दिसतो. काकांची नजर तळ्यावर ताजी झाली होती, आणि ते ती घरी घेऊन येत होते.

आपल्या घरी अंथरुणाला खिळलेले किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील तर अशी एक वही ठेवावी. रोज ठरावीक वेळी पाच गोष्टी पाहाव्यात: घोट्यावरची किंवा कमरेमागची सूज, झोपताना लागणाऱ्या उशा, जेवणाचे प्रमाण, लघवीचे प्रमाण आणि पाठ, कंबर, टाचा येथील त्वचेचा रंग. वजन करणे शक्य असेल तर सकाळी, लघवीनंतर, सारख्याच कपड्यांत करावे. हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा अधिक वाढले तर ते अंगावर चढलेले मांस नव्हे, साचलेले पाणी समजावे आणि डॉक्टरांना कळवावे. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत अस्वस्थता, नव्याने आलेला गोंधळ किंवा अन्नावरची वासना उडणे हीच तक्रार मानावी. टाचेवर किंवा माकडहाडावर दाबूनही न जाणारी लाली दिसली तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी होय.

आणि दीड तास बाहेर जाण्याची बोच मनाला लावून घेऊ नये. त्या वेळात रुग्णाजवळ कोणीतरी विश्वासू असावे, एवढी काळजी घेतली की पुरे. परत येताना आपण रिकाम्या हातांनी येत नाही. काका रोज दुपारी काकूंच्या उशाशी बसून त्या दिवसाची छायाचित्रे दाखवीत. काकू डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावर टिचकी मारून पुढचे चित्र मागत. कमळपक्ष्यांत अंडी घालून मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि उबवणे, पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो, हे काकांनी वाचले तेव्हा ते मला म्हणाले, "डॉक्टर, आमच्या पंथातला पक्षी सापडला." काकूंना हे सांगितल्यावर त्या हसल्या होत्या, असेही त्यांनी त्या दिवशीच्या नोंदीत लिहिले आहे.

ज्यांना स्वतःला बाहेर जाणे शक्य नाही त्यांनीही निराश होऊ नये. खिडकीसमोरच्या झाडावर किंवा समोरच्या पडीक जागेत गुरांमागे फिरणारा गायबगळा पुष्कळ शहरांतून दिसतो. त्याचे डोके कोणत्या तारखेला केशरी झाले, एवढी नोंद खुर्चीत बसूनही करता येते.

काकू त्यानंतरचा आणखी एक पावसाळा पाहून पुढच्या चैत्रात गेल्या. घरीच, झोपेत. काकांनी दिवस केले, मुलीकडे राहायला गेले, आणि मला वाटले की आता वही बंद झाली. वियोगानंतरचे पहिले वर्ष शुश्रूषा करणाऱ्यांसाठी कठीण असते. ज्या कामात दिवस जात होता ते कामच उरत नाही. झोप, भूक आणि औषधे तिन्ही बिघडतात. अशा काळात घरच्यांनी त्यांना एकटे पडू देऊ नये, आणि महिनाभरात एकदा तरी डॉक्टरांकडे घेऊन जावे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात काका दवाखान्यात आले. वजन उतरले होते, रक्तदाब १४२/८६. औषधे चालू होती. कॅमेरा गळ्यात नव्हता, तिरपा खांद्यावरून घेतला होता, मी सांगितल्याप्रमाणे. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "कालच आलो गावाकडे. आज सकाळी तळ्यावर गेलो होतो. वंचकाची पाठ रंगायला लागली आहे. यंदा आठ दिवस लवकर."

त्यांना हे कसे कळले, हे मी विचारले नाही. तारखा वहीत होत्या.